शेंड्यावर उलटी लटकलेली अळी, आणि बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की आजारी किडा नुसता मरत नाही, कधीकधी मरायच्या आधी असं काहीतरी विचित्र वागतो की त्याचा फायदा त्याला नाही, त्याच्या आजाराला होतो. झालं. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आलेत की गांडूळखतवाले आणि तुळशीवरच्या माव्यावाले यावेळी बाजूला ठेवलेत, राग मानू नका. नावं काढून आणि थोडे कापून छापतेय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. आमचा दोन एकर हरभरा आहे. घाटे भरायला लागलेत आणि बऱ्याच अळ्या झाडाच्या अगदी शेंड्यावर जाऊन मागच्या पायांनी धरून उलट्या लटकल्यात. काळ्या पडल्यात, हात लावला की फुटून घाण पाणी येतंय. मी कसलाच फवारा केलेला नाही. शेजारी म्हणतो कुणाचं तरी औषध वाऱ्याने आलंय. हे काय आहे, आणि अळी मरायला वर कशाला जाते? (शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : दादा, शेजाऱ्याला सांगा औषधबिवषध काही नाही, तुमच्या शेतात घाटेअळीला साथ आलीय. माणसांत येते तशीच. व्हायरस आहे, एनपीव्ही म्हणतात, आणि घाटेअळीचा जो खास आहे तो एचएएनपीव्ही. कृषी सेवा केंद्रात बाटलीत मिळतो तोच, तुमच्याकडे फुकटात आलाय.

फक्त एक खात्री करून घ्या. अळी लिबलिबीत असेल, कातडं भिजलेल्या कागदासारखं फाटत असेल तर व्हायरस. अळी कडक असेल, खडूच्या तुकड्यासारखी, आधी पांढरी आणि मग अंगावर पोपटी हिरवी पूड, तर ती बुरशी, पावसाळ्यात सोयाबीनमध्ये आणि मक्यातल्या लष्करी अळीवर दिसते ती. तुमच्या वर्णनावरून व्हायरसच.

आता वर का जाते. हा व्हायरस प्रोटीनच्या बारीक खड्यात पॅक असतो आणि पानाबरोबर अळीच्या पोटात जातो. आपलं पोट आंबट, अळीचं उलटं, धुण्याच्या सोड्यासारखं अल्कली, त्यात तो खडा विरघळतो आणि व्हायरस मोकळा होतो. मग चार ते सात दिवस अळी चालतेय, सुरुवातीला खातेय पण, म्हणून व्हायरस फवारला की दुसऱ्याच दिवशी दुकानदाराला शिव्या घालू नयेत, वेळ लागतोच. तेवढ्यात आत अळीचा अळीपणा संपत आलेला असतो. शेवटी व्हायरसच दोन एन्झाइम बनवून घेतो, ती आतून तिचं कातडं आणि मांस विरघळवतात आणि अळी म्हणजे एक पातळ पिशवी उरते. ही पिशवी जमिनीवर फुटली तर माल मातीत गेला. शेंड्यावर फुटली तर दवाबरोबर, पावसाबरोबर खालच्या पानापानावर ओघळतो आणि दुसऱ्या अळ्या तीच पानं खातात. पाखरं टिपतात ती वेगळी, त्यांच्या विष्ठेतून पार पुढच्या शिवारात.

जर्मनीतल्या जंगलवाल्यांनी हे एकोणिसाव्या शतकातच बघितलं होतं, तिथल्या एका पतंगाच्या अळ्या झाडांच्या टोकाला लटकून मरायच्या, त्यांनी त्याला ‘शेंड्याचा आजार’ असंच नाव ठेवलं होतं. कारण मात्र कळायला २०११ उजाडलं. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या केली हूव्हर यांच्या टीमने तिथल्या एका जंगलातल्या पतंगाच्या अळ्या घेतल्या. या अळ्या रात्री वर चढून पानं खातात आणि दिवसा खाली येऊन सालीत लपतात. व्हायरसकडे ईजीटी नावाचं एक जीन आहे, त्यातून बनणारं एन्झाइम अळीचं कात टाकायचं हॉर्मोन निकामी करतं. कात टाकायची वेळ आली की अळी खाणं सोडते, आडोसा धरते. ते हॉर्मोनच बंद पडलं म्हणजे अळी आपली वरच, खात बसलेली. त्यांनी प्लास्टिकच्या उंच बाटल्यांत अळ्या ठेवल्या, जीनवाल्या व्हायरसच्या वर मेल्या, जीन काढलेल्या व्हायरसच्या तळाशी मेल्या.

मग वाटलं प्रश्न सुटला, तर नाही. दुसऱ्या अळ्यांत ईजीटीने तसं नीट घडेना. आणि तुमच्याच घाटेअळीवर २०२२ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की हिच्या बाबतीत भानगड उजेडाची आहे. आजारी अळीच्या डोळ्यातल्या उजेड ओळखणाऱ्या जीन्सचं काम बदलतं आणि ती उजेडाकडे ओढली जाते. दिवा वर ठेवला की अळ्या वर जाऊन मेल्या, दिवा खाली ठेवला तर तेवढ्या वर गेल्याच नाहीत. शेतात उजेड कुठून येतो, वरून. म्हणजे अळीला ‘वर चढ’ असं कुणी सांगितलंच नव्हतं, उजेडाकडे जा एवढंच.

आम्ही लॅबमध्ये या अळ्या पाळायचो, प्रत्येकीला वेगळी डबी कारण एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात, तोंडाला कापसाचा बोळा. व्हायरस दिलेल्या डब्यांचा ट्रे सहाव्या दिवशी बाहेर काढला की सगळ्या बोळ्याला चिकटलेल्या, खाद्य खाली तसंच पडलेलं. आणि वास. सडलेल्या अंड्याला तरी एक ओळखीचा वास असतो. तेव्हा मला वाटायचं बिचाऱ्या श्वास घ्यायला वर येतायत. ट्यूबलाइट वर होती हे कधी डोक्यातच आलं नाही, आता आठवलं की हसू येतं.

तुम्ही आत्ता काही करू नका. रासायनिक फवारा तर अजिबात नको.

प्रश्न : ताई, त्या झोम्बी मुंगीचे व्हिडिओ खूप बघितलेत. सगळीकडे म्हणतात बुरशी मुंगीच्या मेंदूचा ताबा घेते. बायोलॉजीच्या सरांना विचारलं तर म्हणाले यूट्यूब कमी बघ. खरं काय? (अकरावी सायन्स, पुणे)

उत्तर : सरांचं अर्ध बरोबर आहे, यूट्यूब कमी बघ. पण मुंगी खरी आहे.

बुरशीचं नाव ऑफिओकॉर्डिसेप्स. वॉलेस, म्हणजे डार्विनबरोबर ज्याचं नाव घेतात तो, त्याने १८५९ च्या सुमारास इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर हिचा नमुना गोळा केला होता. बळी पडते ती कॅम्पोनोटस गटातली मुंगी, आपला काळा मुंगळा त्याच गटातला, म्हणजे तुझ्या घरी गुळाच्या डब्याला लागतो त्याची चुलत बहीण समज. सगळ्यात जास्त अभ्यास थायलंडच्या जंगलात झालाय. तिथे या मुंग्या उंच झाडांवर घर करून राहतात, खाली क्वचित उतरतात. बुरशीचा बीजाणू अंगावर पडला की कातडं भेदून आत जातो. काही दिवस मुंगी नॉर्मल. मग ती एकटी भरकटायला लागते, मध्येच झटके येतात, झाडावरून खाली पडते आणि परत वर चढणं जमत नाही. शेवटी जमिनीपासून साधारण २५ सेंटिमीटरवर, म्हणजे तुझ्या फूटपट्टीपेक्षा थोडं कमी, एखाद्या पानाच्या खालच्या बाजूची शीर जबड्याने घट्ट धरते. आणि ही वेळ बहुतेक भर दुपारची असते, २०११ च्या एका अभ्यासात बसून मोजलंय लोकांनी, डेव्हिड ह्यूज आणि त्यांची टीम. धरल्यावर काही तासांत मुंगी मरते, जबडा सुटत नाही. मग मानेतून बुरशीचा दांडा उगवतो, त्यावर बीजाणूंची गाठ, आणि तिथून खालच्या मुंग्यांच्या वाटेवर पाऊस.

ती २५ सेंटिमीटरची उंची उगाच नाही, त्या उंचीला दमटपणा आणि गारवा बुरशीला मानवतो. मेलेल्या मुंग्या वर झाडात नेऊन ठेवल्या किंवा जमिनीवर ठेवल्या तर बुरशीची वाढ नीट होत नाही, हेही करून बघितलंय.

आता मेंदूचं. २०१७ ला मुंगीच्या शरीराचे अतिबारीक काप काढून, कॉम्प्युटरकडून त्यातली बुरशीची पेशी कुठली आणि मुंगीची कुठली हे ओळखून घेतलं, आणि निघालं काय तर बुरशी अंगभर पसरलेली, स्नायूंच्या भोवती जाळं विणलेली, बुरशीच्या पेशी एकमेकींना नळ्यांनी जोडलेल्या. आणि मेंदू? तो शाबूत. आत एक पेशी नाही. म्हणजे ड्रायव्हरला सीटवर तसंच बसवून ठेवलंय आणि स्टीअरिंगच्या वायरी खालून दुसऱ्यानेच जोडल्यात. मेंदूवर काही रसायनं सोडते असा अंदाज आहे, लॅबमध्ये मुंगीच्या मेंदूजवळ बुरशी ठेवली तर ती वेगळीच रसायनं सोडते आणि मुंगीची जात बदलली की रसायनंही बदलतात. पण जबडा सुटत नाही याचं कारण साधं आहे, जबड्याचे स्नायूच बुरशीने झिजवून टाकलेले असतात, उघडणार कशाने.

आणि हे काल-परवाचं नाही. जर्मनीत मेसेल नावाच्या ठिकाणी ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचं एक पान दगडात सापडलंय, त्याच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना अशाच चाव्याच्या खुणा आहेत. मुंगी नाही, बुरशी नाही, नुसते दात. मला त्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा हे पान जास्त भारी वाटतं.

प्रश्न : मुलगा ती झोम्बीवाली सिरीज बघतो आणि रात्री लाइट लावून झोपतो. माणसाला ही बुरशी होऊ शकते का हो? (आई, डोंबिवली)

उत्तर : नाही. ही बुरशी इतकी नखरेल आहे की एका जातीच्या मुंगीवरची दुसऱ्या जातीच्या मुंगीवर नीट चालत नाही, माणूस तर लांबच, आपलं अंग तिच्यासाठी भट्टी आहे. उलट तिची एक बहीण हिमालयात जमिनीखालच्या अळीवर उगवते, अळीला मातीत वरच्या थरात तोंड वर करून मारते आणि डोक्यातून दांडा बाहेर काढते. उत्तराखंडात तिला कीडाजडी म्हणतात, लोक डोंगर पालथे घालून ती गोळा करतात आणि ती प्रचंड महाग विकली जाते, खायला. मुलाला सांगा तिने आपल्याला खाण्यापेक्षा आपणच तिला जास्त खाल्लंय. लाइट बंद करा, बिल येतं.

प्रश्न : आम्ही लंडनजवळ राहतो. ऑक्टोबरमध्ये किचनच्या खिडकीच्या काचेवर माशी मेलेली दिसली, पंख वर केलेले, तोंड काचेला चिकटलेलं आणि भोवती पिठासारखं पांढरं वर्तुळ. पुसून टाकलं, तर दोन दिवसांनी दुसरी. काय असेल? (वाचक, इंग्लंड)

उत्तर : हा नमुना इतका ठरलेला असतो की फोटो नसता तरी चाललं असतं. एन्टोमोफ्थोरा मस्की, माशीची बुरशी, तिचं वर्णन फर्डिनंड कोन यांनी १८५५ मध्येच केलंय. आणि अकरावीतल्या पोराला मी वर सांगितलं त्याच्या नेमकं उलटं इथे होतं, ही बुरशी मेंदूत खरंच शिरते.

माशीची शेवटची संध्याकाळ सांगते. दिवेलागणीच्या सुमारास, जवळजवळ ठरल्या वेळी, माशीची तडफड सुरू होते, मरायच्या साधारण अडीच तास आधी ती एकदम जोरात चालायला लागते. वर चढते, काच, भिंत, गवताचं पातं जे असेल ते. मग सोंड बाहेर काढून पृष्ठभागाला टेकवते आणि ती तिथे डिंकासारखी चिकटते. मग पंख हळूहळू वर उचलले जातात, आणि मरते. पंख वर गेल्यामुळे पोट उघडं पडतं, पोटाच्या वळ्यांतून बुरशी बाहेर येते आणि बीजाणू बंदुकीसारखे उडवते. तुमचं ते पिठाचं वर्तुळ म्हणजे काचेवर पडलेले नेम चुकलेले बीजाणू. रात्र असते, हवा दमट असते, बीजाणू सुकत नाहीत.

हार्वर्डमधल्या कॅरोलिन एल्या यांनी फळमाशांवर २०२३ ला दाखवलं की मेंदूतल्या रोजचं घड्याळ चालवणाऱ्या काही पेशी आणि हॉर्मोन सोडणारी जागा, तिथे गडबड होते. म्हणजे घड्याळ माशीचंच आहे, काटा बुरशी फिरवते. (ही बुरशी त्यांना आधी कॅलिफोर्नियात बर्कलीला घरामागच्या परसात सापडली होती, मला अशा गोष्टी फार आवडतात.)

आणि याहून किळसवाणं पुढे आहे, जेवत असाल तर हा परिच्छेद सोडा. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं की या बुरशीने मेलेल्या मादीच्या अंगातून असे वास येतात की नर माशा तिच्याशी जुळायला जातात, आणि अंगभर बीजाणू घेऊन येतात.

माशी काहीच करत नाही असं मात्र नाही. आजाराच्या सुरुवातीला ती गरम जागा शोधून बसते, आपल्याला ताप येतो तसा बाहेरून ताप आणते म्हणा ना, आणि त्याने काही माशा वाचतात सुद्धा. तेव्हा आजारी किडा वेगळं वागला की प्रत्येक वेळी ते जंतूचंच काम असतं असं नाही, कधी ते त्याचं स्वतःचं औषध असतं. काचा व्हिनेगरने पुसा. घाबरायचं काही नाही.

प्रश्न : मी मेरीलँडमध्ये असते. २०२१ ला आमच्याकडे सतरा वर्षांनी येणारे सिकाडा आले होते, अंगणात चालायची सोय नाही इतके. त्यातल्या काहींचा मागचा भागच नव्हता, तिथे पांढरा खडू भरल्यासारखं, आणि तरी उडत होते! माझा नवरा म्हणाला प्लास्टिक आहे. (वाचक, अमेरिका)

उत्तर : नवऱ्याला म्हणावं मॅसोस्पोरा. सतरा वर्षं जमिनीखाली काढून किडा वर येतो, चार-सहा आठवडे जगतो, आणि त्यातही याला ही बुरशी गाठते. पोटाचा मागचा भाग गळून पडतो, जननेंद्रियासकट, आणि तिथे बीजाणूंचा गोळा. बाकीच्या बुरश्या आधी मारतात आणि मग पसरतात, ही मात्र जिवंत किड्यालाच फिरवते. फळ्याचं डस्टर झटकत जावं तसे ते उडत जातात आणि खालच्यांवर पूड सांडते.

दोन गोष्टी आहेत. एक, लागण झालेला नर मादीसारखी पंखांची टिचकी वाजवायला लागतो, म्हणून दुसरे नर त्याच्याकडे येतात आणि लागण घेऊन जातात, हे २०१८ मध्ये नोंदवलंय. दोन, २०१९ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मॅट कॅसन यांच्या टीमला तुमच्या या सतरा वर्षंवाल्या सिकाडाच्या बुरशीत कॅथिनोन सापडलं, आफ्रिका-येमेनकडे लोक ‘खात’ नावाच्या झुडपाची पानं चघळतात त्यातलं उत्तेजक. दुसऱ्या जातीच्या सिकाडावरच्या बुरशीत तर सायलोसायबिन, म्हणजे ‘मॅजिक मश्रूम’मधलं. अर्ध अंग गेलेलं असताना किडा उडतो कसा याचं उत्तर यात असावं असा तर्क आहे, मला तो पटतो. तळून खाऊ नका एवढंच.

प्रश्न : आमच्या पणजोबांच्या वेळचा प्लेग घरात अजून सांगितला जातो, उंदीर पडायला लागले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधायच्या. पिसवांमुळे प्लेग पसरायचा हे माहीत आहे. पण पिसू एवढी सगळ्यांना चावत का सुटायची? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : गुरुजी, तुमचा प्रश्न या अंकातला सगळ्यात चांगला आहे, आणि उत्तर सगळ्यात दुःखी. पिसू भुकेली असायची.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्याच वर्षी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, १० मार्च १८९७. तोवर हा रोग पसरतो कसा हे नक्की कुणालाच कळलं नव्हतं, घरं धुवा, सामान जाळा, असं सगळं चाललेलं. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवांचा प्रयोग केला, त्यावर आधी कुणी विश्वास ठेवला नाही. आणि पिसवाच्या आत काय होतं ते १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटच्या बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवलं.

पिसवाच्या घशाखाली, पोटाच्या तोंडाशी एक काटेरी झडप असते. प्लेगचे जंतू त्या झडपेत चिकट थर करून साचतात. मोरीच्या जाळीत केस आणि साबणाचा गाळ बसतो ना, तसंच. रक्त ओढलं तरी पोटात जात नाही, बोळ्यावर आपटून परत येतं, येताना जंतू घेऊन येतं आणि चावलेल्या जखमेत ओकलं जातं. पोट रिकामंच. म्हणून परत चावायचं, दुसऱ्याला चावायचं, परत तेच. थोड्या दिवसांत पिसू उपाशी मरते, पण तोवर तिने काय काय केलेलं असतं. हा थर जमवायला जंतूला लागणारी जीन्स १९९६ मध्ये सापडली, ती काढून टाकली की बोळा बसत नाही. आणि हा थर गारव्यात चांगला धरतो, उन्हाळ्याच्या कडक तापमानात नीट बसत नाही, तुमच्या घरातल्या गोष्टीत साथ कुठल्या महिन्यात वाढायची ते विचारून बघा. झडप तुंबायच्या आधीही पिसू काही प्रमाणात लागण देते हे आता माहीत आहे, पण उपाशी पिसवासारखी दुसरी नाही.

यात मेंदूला कुणी हातही लावलेला नाही बघा. पिसू अगदी पिसवासारखीच वागतेय. भूक लागली, चावली.

प्रश्न : मलेरियाचा डास जास्त चावतो हे खरं का? आणि तसं असेल तर मिरचीवरच्या फुलकिड्यांचं पण तेच का? आमच्याकडे चुरडामुरडा, म्हणजे मिरचीची पानं आखडून वळतात तो रोग, हटत नाही. (वाचक, नंदुरबार)

उत्तर : दोन प्रश्न एकात, लबाडी आहे. डासाचं आधी. टांझानियात १९९८ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात मलेरियाचे जंतू लाळेपर्यंत पोचलेल्या डासांपैकी २२ टक्के डासांनी एकाच रात्री एकापेक्षा जास्त माणसांचं रक्त घेतलं होतं, निरोगी डासांत हेच १० टक्के. सगळे खूश, जंतूच डासाला चाववतो म्हणून. मग २०१३ मध्ये काही जणांनी डासांना मलेरिया न देता नुसते उष्णतेने मारलेले साधे बॅक्टेरिया टोचले, आणि डासांची वागणूक तशीच बदलली. म्हणजे मलेरियाचा जंतू काही खास करतही नसेल, डासाचं शरीर आजाराशी लढताना असंच वागतं आणि जंतूचं आयतंच फावतं. जंतूच्या नावावर सगळं खपवायची घाई करू नये ती यासाठी. रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात जंतू बघितला तेव्हापासून आपण डासाकडे बघतोय आणि अजून त्याचं चावणं पूर्ण समजलेलं नाही.

फुलकिड्यांचं मात्र बऱ्यापैकी पक्कं आहे. टोमॅटोच्या एका व्हायरसवर कॅलिफोर्नियात काम झालं, २०११, व्हायरस अंगात असलेले नर फुलकिडे निरोगी नरांपेक्षा तिपटीपर्यंत जास्त वेळा झाडात तोंड खुपसतात. तो व्हायरस फुलकिड्यात स्वतः वाढतो, आणि लहानपणी, पिल्लू असताना घेतला तरच मोठेपणी पसरवता येतो. तुमच्या चुरडामुरड्यात मात्र नुसते फुलकिडे आहेत, कोळी (जाळं विणणारे नाहीत, पानावरचे बारीक माइट्स) आहेत का पांढऱ्या माशीने आणलेला व्हायरस आहे हे आधी बघा. पानं वर वळली का खाली वळली ते लिहा आणि फोटो पाठवा, पुढच्या वेळी बघू.

प्रश्न : मॅडम, परत मीच, हरभऱ्यावाला. चुलतभाऊ म्हणतो त्या मेलेल्या अळ्या गोळा करून पाण्यात कुस्करून उरलेल्या हरभऱ्यावर मारायच्या. चालेल का? त्यात नीळ टाकतात म्हणे, ती कशाला?

उत्तर : चालेल, चुलतभाऊ हुशार आहे. बाटलीवर जे ‘एल.ई.’ लिहिलेलं असतं ते म्हणजे लार्व्हल इक्विव्हॅलंट, एका मेलेल्या मोठ्या अळीत जेवढा व्हायरस निघतो तेवढा, सहाशे कोटी खडे धरतात. हेक्टरी २५० एल.ई. म्हणजे ढोबळ हिशोबाने २५० मोठ्या अळ्या, तुमच्या दोन एकराला दोनशे तरी गोळा करा. सकाळी दव असताना जा, लटकलेल्या नीट दिसतात, आणि हरभऱ्याच्या आंबीने पाय चुरचुरतील म्हणून फुल पँट घाला. हातात ग्लोव्हज घाला, एनपीव्ही माणसाला काही करत नाही पण त्या सडक्या पाण्यात बाकीचे बॅक्टेरिया पण असतात. कुस्करून थोडा वेळ पाण्यात ठेवा, फडक्यातून गाळा, थोडा गूळ टाका म्हणजे अळी आवडीने खाते.

नीळ किंवा राणीपाल टाकतात ते उन्हासाठी. उन्हातला अल्ट्राव्हायोलेट लागला की व्हायरस काही तासांत निकामी होतो, नीळ थोडी सावली धरते. म्हणूनच फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आणि अळ्या बारीक असतानाच मारा, बोटाएवढी झालेली अळी मरायच्या आधी तुमचे घाटे संपवून जाईल. हा व्हायरस फक्त घाटेअळीचा, तूर किंवा कपाशीवर तीच अळी असली तर तिथे चालेल, दुसऱ्या अळीला काही होणार नाही.

आणि गाळलेलं ते फडकं परत स्वैपाकघरात जाऊ देऊ नका. आमच्याकडे एकदा गेलं होतं.